जुनी भारी मोटार : किंमत उतरते, खर्च उतरत नाहीं

उसाचें बिल किंवा द्राक्षांचा पैसा हातीं आला, म्हणजे बऱ्या स्थितींतील शेतकऱ्याच्या मनांत एखादी उंच, भारी मोटार घेण्याचा विचार येतो. फॉर्च्युनर, एंडेव्हर किंवा त्यांहूनहि वरच्या प्रतीच्या ज्या मोटारींस हल्लीं एसयूव्ही म्हणतात, त्या नव्या घेणें पुष्कळांच्या ऐपतीबाहेरचें असतें. परंतु कांहीं वर्षें वापरलेली तशीच मोटार निम्म्या किंवा त्याहूनहि कमी किंमतींत मिळते असें दिसलें, कीं मोह आवरणें कठीण होतें. हौस असणें वाईट नव्हे. खराब रस्त्यांच्या मुलखांत अशी मोटार उपयोगीहि पडते. मात्र व्यवहारापूर्वीं एक गोष्ट मनाशीं पक्की धरली पाहिजे. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. चाळीस लाखांची मोटार बारा लाखांस मिळाली, तरी तिचे टायर, ब्रेक, इंजेक्टर व गिअरबॉक्स हे चाळीस लाखांच्या मोटारीचेच राहतात, आणि दुरुस्तीचें बिल त्याच मापानें येतें.

बैल घेतांना आपण दांत पाहतों, खांदा चांचपतों, चालवून पाहतों आणि शक्य तर औताला जुंपून पाहतों. धन्याच्या तोंडच्या वर्णनावर कोणी बैल घेत नाहीं. मग बैलजोडीच्या कित्येक पट किंमतीची मोटार मात्र तिचा रंग व रुबाब पाहून घ्यावी, हें शहाणपणाचें नव्हे.

जात आणि जनावर :— अमुक कंपनीची मोटार टिकाऊ, अशी ख्याति असते व ती पुष्कळदां खरीहि असते. पण ख्याति ही सबंध जातीची. आपण घेतों तें एक जनावर. टोयोटाची फॉर्च्युनर भारतांत २००९ सालीं आली. तिच्या पहिल्या पिढीच्या तीन लिटरच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो व तो सुमारें १,५०,००० किलोमीटरांवर बदलावा लागतो. तो धांवतांना तुटला तर इंजिनाची मोठी हानि होते. म्हणून या वयाची मोटार घेतांना पट्टा बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदललेला नाहीं असेंच धरून किंमत करावी. २०१६ सालीं आलेल्या दुसऱ्या पिढीच्या २.८ लिटरच्या डिझेल इंजिनांत पट्ट्याऐवजीं साखळी आहे. फोर्ड कंपनीनें २०२१ सालीं भारतांत मोटारी तयार करणें बंद करण्याचें जाहीर केलें. एंडेव्हर चालावयास दणकट. परंतु ती घेणारानें जवळचें दुरुस्तीकेंद्र किती मैलांवर आहे व मोठा भाग मागविल्यास किती दिवसांनीं मिळतो, याची चौकशी आधीं करावी.

त्याहून महाग युरोपीय मोटारींपैकीं कित्येकींत लोखंडी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या पिशव्या असतात. रबर जुनें झालें कीं त्यांतून हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठीं कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि शेवटीं तोहि जळतो. अशी मोटार रात्रभर सपाट जागीं उभी करून ठेवावी. सकाळीं तिचा एखादा कोपरा खालीं बसलेला आढळला, तर खर्च दारीं उभा आहे असें समजावें.

मीटर :— किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, म्हणून एकट्या त्यावर विश्वास ठेवूं नये. अधिकृत दुरुस्तीकेंद्रांत प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आंकडा नोंदलेला असतो. ती नोंद मालकास मागून आणावयास सांगावी. जो मालक हें टाळतो, त्यानें उत्तर दिलेंच म्हणावयाचें. शिवाय मोटार स्वतःच साक्ष देते. मीटर चाळीस हजार दाखवीत असून ब्रेकच्या पायटीचें रबर गुळगुळीत झालेलें असेल, स्टिअरिंगचें कातडें चकाकत असेल व चालकाची गादी दबलेली असेल, तर दोहोंपैकीं एक खोटें आहे. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ असे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. मोटार व टायर यांच्या वयांचा मेळ मीटरशीं बसतो कीं नाहीं, तें पाहावें.

इंजिन व गिअरबॉक्स :— इंजिन थंड असतांना पाहावें. पुष्कळ दोष इंजिन तापल्यावर लपतात, म्हणून गिऱ्हाईक येण्यापूर्वीं तें तापवून ठेवण्याची युक्ति केली जाते. पोंचतांच बॉनेटला हात लावावा. गरम लागलें तर दुसऱ्या दिवशीं पहाटें यावें. धूर निळसर असेल तर ऑईल जळत आहे. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाहीं. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर चालूच राहिला, तर कूलंट आंत शिरत असण्याचा किंवा इंजेक्टरांचा दोष असण्याचा संशय घ्यावा. इंजिन चालू असतांना ऑईलचें झांकण जपून सैल करावें. आंतून जोरानें धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. झांकणाखालीं दुधाच्या चहासारखा फेंस दिसला, तर पाणी व ऑईल एकत्र झालें आहे. तेथेंच व्यवहार सोडावा.

नंतर किमान पंचवीस-तीस किलोमीटर चालवून पाहावी, त्यांत चढ असावा व खडबडीत रस्ताहि असावा. आपोआप बदलणारा गिअर असेल तर पुढून मागें घेतांना विलंब वा हिसका होतो काय, तें पाहावें. चारी चाकांस जोर देण्याची सोय मऊ जमिनींत लावून तपासावी. फॉर्च्युनरसारख्या मोटारींत ती लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणें घेऊं नयेत. वर्षानुवर्षें न वापरल्यानें ही यंत्रणा अडकून बसलेली पुष्कळदां आढळते.

धुराचे नवे नियम :— १ एप्रिल २०२० पासून देशांत बीएस-६ हें मान लागू झालें. तेव्हांपासूनच्या डिझेल मोटारींत काजळी पकडणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यास मोटार अधूनमधून मोठ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग वेगानें चालावी लागते. जी मोटार केवळ घर ते मळा व मळा ते बाजार अशीच फिरते, तिची गाळणी तुंबते; व ती बदलणें अतिशय महाग पडतें. ज्याची धांव अशी लहान, त्यानें डिझेलचा आग्रह सोडून पेट्रोलचा विचार करावा. कांहीं मोटारींत धूर निर्मळ करण्यासाठीं युरियाचें द्रावणहि भरावें लागतें. त्यांत शुद्ध युरिया ३२.५ टक्के असतो. घरांतील खताच्या पोत्यांतला युरिया पाण्यांत विरघळवून भरण्याचा मोह कोणींहि करूं नये. त्यांतील इतर द्रव्यें व निंबोळीचें लेपन यांनीं यंत्रणा बिघडते, आणि अनुदानाचें खत असें वापरणें कायद्यानेंहि गुन्हा आहे.

पूर व अपघात :— २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर व २०२१ चें महाड-चिपळूण येथील पूर आपल्या स्मरणांत आहेत. पाण्यांत बुडालेली मोटार धुऊन-पुसून विकतां येते, पण तारांच्या सांध्यांत शिरलेला ओलावा पुढें कित्येक महिने एकेक दोष उत्पन्न करीत राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे काय, तें पाहावें. गालिच्याखालीं हात घालावा, गाद्यांच्या रुळांवरील गंज पाहावा, व काचा बंद ठेवून वास घ्यावा. अपघाताची खूण बॉनेटच्या व पुढल्या पत्र्यांच्या बोल्टांवर सांपडते. त्यांवरचा रंग उडालेला असेल तर ते उघडले गेले आहेत. खालून चॅसिसवर नवें वेल्डिंग दिसल्यास मोटार घेऊंच नये.

कागदपत्रें :— जमीन घेतांना आपण सातबाऱ्यावरील बोजा पाहतों. मोटारीच्या नोंदणीपत्रावरहि बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याचा दाखला पाहिल्याविना पैसे देऊं नयेत. फेरफाराची रीतहि तीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचें असतें. हें विकणारासहि लागू आहे. नोंदणींत ज्याचें नांव, तोच मालक व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. विमाहि नव्या नांवावर १४ दिवसांत करून घेण्यासाठीं अर्ज करावा.

परप्रांतांतून आलेल्या मोटारीबद्दल विशेष सावध असावें. राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींस मनाई केली व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. २०२५ सालीं न्यायालयानें त्यांत सवलत दिली असली, तरी तोंवर तेथील पुष्कळ मोटारी स्वस्तांत बाहेर गेल्या. अशी मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची तर नवा नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो खर्च मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते, तें आधींच पाहावें.

हिशेब :— तपासणीस आपल्या खात्रीचा मिस्त्री न्यावा, दलालाचा नव्हे. त्याची मजुरी हा या व्यवहारांतील सर्वांत स्वस्त खर्च होय. सर्व पारखून मोटार पसंत पडली, तर किंमतीचा पांचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूला काढून ठेवावा. तो हिस्सा काढतांना हात आखडत असेल, तर ती मोटार आपल्या ऐपतीची नाहीं असें समजावें व खालच्या प्रतीची, पण कमी चाललेली, घ्यावी. पीककर्जाचा पैसा तर या कामीं मुळींच लावूं नये. पाईपलाईन किंवा ट्रॅक्टर यांस लावलेला पैसा शेतांतून परत येतो. मोटारीस लावलेला परत येत नाहीं. ती घ्यावी तर शिलकेंतून घ्यावी, आणि एक हंगाम बुडाला तरी ती दारांत चालती राहील, इतकी शिल्लक मागें ठेवून घ्यावी.