चाखणाऱ्यांचा निवाडा आणि थंड प्रदेशातील एक लहान द्राक्षबाग

शेतमालाची परीक्षा शेतात सुरू होते. परंतु तिचा शेवट खाणाऱ्या-पिणाऱ्याच्या जिभेवर होतो. उत्पादन किती आले हे काटा सांगतो. माल कसा आहे हे मात्र परक्या माणसाकडूनच ऐकून घ्यावे लागते. गुळाच्या अडत्याने ढेप फोडून रंग, कणी व चव पाहावी आणि तेवढ्यावर वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरावा, हा अनुभव आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. द्राक्षमद्य म्हणजे वाईन तयार करणाऱ्या देशांत ही चाखण्याची परीक्षा शास्त्राच्या पायरीपर्यंत नेण्यात आली आहे. अशा एका परीक्षेने अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील एका लहानशा बागेचे, आणि तिच्यामागून एका संपूर्ण खोऱ्याचे, भवितव्य कसे पालटले याची हकीकत प्रस्तुत लेखात दिली आहे. मद्यपानाची शिफारस करणे हा लेखाचा हेतू नाही. हवामान, वाण व मालाची प्रत यांचा संबंध कसा ओळखावा आणि परीक्षकाच्या मतास किती किंमत द्यावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

जाणकारांच्या सल्ल्याविरुद्ध लागवड

डेव्हिड लेट हा तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी निघाला होता. वाटेत कॅलिफोर्नियातील द्राक्षबागा पाहून त्याचे मन पालटले आणि त्याने डेव्हिस येथील विद्यापीठात द्राक्षशास्त्राचे शिक्षण घेतले. फ्रान्समधील बरगंडी प्रांतात पिकणारे ‘पिनो नॉयर’ हे काळे द्राक्ष त्याच्या मनात भरले होते. हे वाण कॅलिफोर्नियाच्या उष्ण भागात लवकर पिकते. साखर भरते, पण सुगंध व आंबटपणा उरत नाही. सबब त्यास साजेसा थंड प्रदेश शोधीत तो ओरेगॉनच्या विलॅमेट खोऱ्यात येऊन पोहोचला. डेव्हिस येथील जाणकारांचे मत याविरुद्ध होते. वसंतात दहिवर, शरदात पाऊस आणि त्यापायी घडांवर बुरशी, अशा ठिकाणी उत्तम द्राक्ष होणे नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

१९६५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लेट याने सुमारे तीन हजार काड्या आणून कॉर्व्हॅलिस गावाजवळ रोपवाटिकेत लावल्या. १९६६ साली डंडी गावाजवळच्या टेकडीवर वीस एकर जमीन घेऊन त्याने व त्याची पत्नी डायना हिने तेथे रोपे नेली. बागेतील उंच झाडावर ससाण्याचे घरटे होते. त्यावरून बागेस ‘आयरी’ असे नाव मिळाले. पहिली कित्येक वर्षे बागेतून प्राप्ती नव्हती. लेट पाठ्यपुस्तके विकण्याची नोकरी करून प्रपंच चालवीत असे. मद्यशाळेसाठी नवी इमारत बांधण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मॅकमिनव्हिल गावातील, टर्की पक्षी साफ करण्याच्या एका जुन्या कारखान्याची जागा घेऊन त्याने तेथे पिंपे मांडली.

पहिला माल १९७० सालचा. त्याचा रंग इतका फिका निघाला की त्यावर पिनो नॉयरचे नाव घालण्यास लेटचे मन धजेना. ‘ओरेगॉन स्प्रिंग वाईन’ अशा साध्या नावाने त्याने तो विकला. गिऱ्हाईक गडद रंगास भुलते, आणि आपल्या मालात तोच गुण नाही, ही अडचण त्यास पहिल्याच वर्षी जाणवली. पुढे मात्र त्याने रंगासाठी माल बदलला नाही.

थंड हवामान कसे मोजतात

वेल दहा अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ वाढत नाही, असे मानून रोजच्या सरासरी तापमानातून दहा वजा करतात. समजा, दिवसाचे कमाल तापमान चोवीस व किमान दहा आहे; सरासरी सतरा, आणि बाकी सात. ही त्या दिवसाची उष्णता-एकके होत. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेर अशी बेरीज केली म्हणजे त्या ठिकाणाची उष्णता कळते. डेव्हिस येथील विंकलर व अमेरीन या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाचे असे पाच विभाग पाडले. सुमारे चौदाशेपेक्षा कमी एकके असलेला पहिला विभाग तो सर्वांत थंड. लेटने निवडलेल्या टेकड्या या विभागात मोडत होत्या.

विलॅमेट खोरे पंचेचाळीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असून पश्चिमेस किनारपट्टीचा डोंगर व पूर्वेस कॅस्केड पर्वत यांमध्ये ते वसले आहे. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. डंडीच्या टेकड्यांवर काळ्या कातळापासून झालेली तांबडी, निचऱ्याची माती आहे. तिला ‘जोरी’ माती म्हणतात. खरी कसोटी लागते ती काढणीच्या वेळी. शरदाचा पाऊस सुरू होण्याआधी द्राक्ष पिकले तर उत्तम. न पिकले तर साखर कमी आणि कूज अधिक. जाणकारांची भीती निराधार नव्हती. तथापि उतारावरची जमीन, योग्य वाण व बेताचे पीक यांच्या साहाय्याने तो धोका पत्करता येतो, एवढे लेटने दाखवून दिले.

पॅरिस व बोन येथील परीक्षा

१९७९ साली ‘गो ए मियो’ या फ्रेंच नियतकालिकाने पॅरिस येथे मोठी स्पर्धा भरविली. तेहतीस देशांच्या तीनशे तीस वाइन दहा राष्ट्रांच्या बासष्ट परीक्षकांपुढे ठेवण्यात आल्या. पिनो नॉयरच्या गटात आयरी बागेच्या १९७५ सालच्या मालाने पहिल्या दहांत स्थान मिळविले. हा माल बागेच्या ‘साउथ ब्लॉक’ या तुकड्यातील होता. पंधरा वर्षांपूर्वी जेथे द्राक्षाचा वेल नव्हता त्या टेकडीवरील हा माल, हे ऐकून बरगंडीतील लोकांस नवल वाटले.

रोबेर द्रुएं हे बरगंडीतील जुन्या पेढीचे मालक. स्पर्धेत बरगंडीचा माल त्याच्या खऱ्या प्रतीचा नव्हता, असे त्यांना वाटले. त्यांनी १९८० साली बोन या आपल्या गावी फेरपरीक्षा ठेवली आणि स्वतःच्या तळघरातील निवडक माल त्यात उतरविला. निकाल असा लागला: द्रुएं यांची १९५९ सालची शांबोल म्युझिन्यी पहिली आली आणि आयरीची १९७५ सालची वाईन दुसरी. दोहोंत अंतर केवळ दोन दशांश गुणांचे. पहिली वाईन एकवीस वर्षे मुरलेली व नामांकित हंगामाची होती. दुसरी अवघी पाच वर्षांची.

चाखणारे काय पाहतात

अशा परीक्षेत बाटल्यांवरील नावे झाकून पेल्यांस फक्त क्रमांक देतात. परीक्षक प्रथम रंग व स्वच्छता पाहतो, नंतर वास घेतो, घोट तोंडात घोळवितो आणि बहुधा थुंकून टाकतो. मागे चव किती वेळ रेंगाळते तेही टिपतो. त्याची भाषा ऐकणाऱ्यास अलंकारिक वाटते. परंतु त्यातील पुष्कळ शब्दांचे मूळ बागेत सापडते.

रंग: पिनो नॉयरची साल पातळ असून तिच्यात रंगद्रव्य मुळातच कमी असते. म्हणून फिका, पारदर्शक लाल रंग हा या वाणाचा स्वभाव होय. बरगंडीतील परीक्षक त्यास दोष मानीत नाहीत. गडद वाईनची सवय असलेल्यास मात्र ती पाणचट दिसते.

ताजेपणा: परीक्षक ज्यास ताजा किंवा चटकदार म्हणतात तो आंबटपणा होय. उष्ण रात्री मण्यातील मॅलिक आम्ल श्वसनात जळून जाते. थंड रात्री ते टिकते. थंड प्रदेशातील वाइनची ही सर्वांत ठळक खूण.

अंग: घोट तोंडात हलका लागतो की भरीव, हे बऱ्याच अंशी मद्यार्कावर व मद्यार्क साखरेवर अवलंबून असतो. दर लिटर रसात सुमारे सतरा ग्रॅम साखर असल्यास एक टक्का मद्यार्क होतो. थंड हवेत साखर बेताची भरते व घोट हलका राहतो.

तुरटपणा: हा साल व बी यांतून येतो. बी तपकिरी होण्याआधी घड तोडले तर कच्ची, हिरवी तुरट चव उतरते.

सुगंध: तरुण पिनो नॉयरमध्ये चेरी, रास्पबेरी यांसारख्या फळांचा, तर मुरलेल्या मालात ओल्या पाचोळ्याचा व अळंब्यांचा वास वर्णिलेला आढळतो. मणी सावकाश पिकल्यास हे सुगंध राहतात; अति उन्हात ते शिजवलेल्या फळाकडे झुकतात.

परीक्षकांच्या मताची किंमत

या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियातील निवृत्त प्राध्यापक व लहान मद्यशाळेचे मालक रॉबर्ट हॉजसन यांनी एका नामांकित स्पर्धेत परीक्षकांचीच परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. एकाच बाटलीतील वाईन परीक्षकास नकळत तीनदा देण्यात आली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या आत गुण देणारे परीक्षक शेकडा दहाच्या आसपास भरले. बाकीच्यांचे गुण कमी-अधिक हलले.

मग दोन दशांश गुणांच्या अंतरास काय अर्थ उरतो? त्या अंतराने कोण श्रेष्ठ हे ठरत नाही, असेच म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु नावे झाकलेली असता, दोन निरनिराळ्या प्रसंगी, दोन निरनिराळ्या परीक्षकमंडळांनी एका अनोळखी बागेचा माल उत्तमांच्या पंक्तीस बसविला, ही गोष्ट लहान नव्हे. क्रमांकास महत्त्व कमी, पुनःपुन्हा मिळालेल्या पंक्तीस अधिक, हा नियम शेतकऱ्याने ध्यानात ठेवावा.

स्वतः द्रुएं यांनी यावर जो अभिप्राय दिला तो गुणांहून बोलका होता. १९८७ साली त्यांच्या पेढीने डंडीच्या टेकड्यांवरच जमीन खरेदी केली. त्यांची कन्या व्हेरोनिक हिने तेथील मद्यनिर्मितीची धुरा सांभाळली. जुन्या प्रांतातील जाणत्या कुळाने आपला पैसा नव्या मातीत घातला, तेव्हा खोऱ्यातील शेतकऱ्यांस धीर आला.

तथापि सर्वच टीकाकार अनुकूल राहिले नाहीत. पुढील दोन दशकांत अमेरिकेत गडद, भरदार वाइनकडे कल झुकला आणि शंभर गुणांच्या पद्धतीत हलक्या, फिक्या मालास पुष्कळदा कमी गुण पडत. लेट याने माल बदलला नाही. पिनो नॉयर नाजूक असावी व मुरण्यास तिला वेळ मिळावा, हे त्याचे मत कायम राहिले. त्याचा जुना माल दशकांनंतरही टिकून राहिल्याचे पुढे चाखणाऱ्यांनी मान्य केले. २००८ साली लेट मरण पावला. तत्पूर्वीच त्याचा मुलगा जेसन याने काम हाती घेतले होते.

एकट्याने न होणारे काम

केवळ एका बाटलीच्या यशाने खोरे उभे राहिले असते असे नाही. १९७३ साली ओरेगॉनमध्ये जमीनवापराचा कायदा झाला. टेकड्यांचे उतार घरबांधणीस न देता शेतीसाठी राखले जावेत म्हणून द्राक्ष बागायतदारांनी नकाशांसह पाठपुरावा केला. १९७७ साली त्यांनी स्वतःवरच कडक नियम लावून घेतले: बाटलीवर पिनो नॉयर लिहावयाचे तर आत शेकडा नव्वद तेच द्राक्ष असले पाहिजे, आणि बरगंडीसारखी परक्या प्रांताची नावे मालास देऊ नयेत. शेजाऱ्याच्या भेसळीने आपले नाव जाते, ही जाणीव या नियमांमागे होती.

नवी संकटेही टळली नाहीत. १९९० साली खोऱ्यात फिलॉक्सेरा ही मुळांवरील कीड आढळली. तेव्हापासून प्रतिकारक खुंटावर कलम करणे आवश्यक झाले. २०२० सालच्या सप्टेंबरात वणव्यांच्या धुरामुळे ऐन काढणीत घडांस धुराचा वास लागण्याचा धोका उद्भवला. हवामान तापू लागल्याने थंड प्रदेश ही ओळखही आता दरवर्षी तपासून पाहावी लागते.

आपण काय घ्यावे

नाशिक-सांगलीकडील हवामान विलॅमेटसारखे नाही. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी व पावसाळा सरता गोडी छाटणी करून घड हिवाळ्यात वाढवितात व पुढे काढतात; वेलास विश्रांतीची थंडी मिळत नाही. म्हणून तेथील वाण व पद्धती जशाच्या तशा उचलणे योग्य ठरणार नाही. मात्र पुढील गोष्टी आपल्या द्राक्ष, बेदाणा, गूळ, आंबा अशा कोणत्याही मालास लागू पडतात.

१. आपल्या गावचे कमाल व किमान तापमान रोज नोंदवून उष्णता-एककांची बेरीज ठेवावी. काढणीचा दिवस ठरविण्यास ही नोंद उपयोगी पडते.

२. काढणीपूर्वी केवळ ब्रिक्स पाहून थांबू नये. आम्लता मोजावी, मणी चावून पाहावा, बीचा रंग तपासावा.

३. गावात चाखणीची बैठक घ्यावी. वाट्यांस फक्त क्रमांक द्यावेत. एक नमुना मुद्दाम दोनदा ठेवावा. त्यावरून चाखणाऱ्याची जीभ किती स्थिर आहे ते कळेल. प्रत्येकाने आधी लिहावे, मग बोलावे. नाहीतर गावातील वजनदार माणसाचे मत तेच सर्वांचे मत होऊन बसते.

४. दोष सांगणाऱ्यास त्याचे कारण विचारावे. कच्चा, पाणचट, शिजल्यासारखा, अशा प्रत्येक शब्दामागे बागेतील एखादे काम असते. छाटणी, पाणी, पीकभार व काढणीची तारीख यांच्या नोंदीशी तो शब्द जोडून पाहावा.

५. एका वर्षाच्या बक्षिसाने हुरळू नये व एका वर्षाच्या नापसंतीने वाण उपटू नये. तीन हंगामांचे अभिप्राय एकत्र ठेवून निर्णय घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात निदान एका मालाची अशी चाखणी घडवून आणावी आणि तिची वही गावातच ठेवावी. पुढल्या वर्षी त्याच शेताचा माल पुन्हा चाखताना ती वही समोर असली म्हणजे माल सुधारला की केवळ मत बदलले, हे शेतकऱ्यास स्वतःच ठरविता येईल.