शौचाच्या जागेची निगा



आपल्या भित्तिपत्रकात दात, डोळे, केस आणि नखे यांच्यावर लेख लागून झाले. पण शरीराचा एक भाग असा आहे की त्याचे नाव काढले की सगळा वर्ग हसतो. तो भाग म्हणजे शौचाची जागा. घरी आपण तिला काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकात तिला गुदद्वार म्हणतात. बाईंनी विचारले, “या विषयावर कोण लिहिणार?” तेव्हा सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. कारण पावसाळ्यात मला तिथे लई त्रास झाला होता आणि तो मी पंधरा दिवस कोणालाच सांगितला नव्हता.

त्याचे असे झाले. शाळेत परसाकडला लागली तरी मी जात नसे. सगळ्यांच्या समोर बाईंना विचारावे लागायचे, मग मागची मुले फिदीफिदी हसायची. म्हणून मी दाबून धरायचो. लागूच नये म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायचो. घरी गेलो की दप्तर टाकून खेळायला पळायचो. असे करता करता मला दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला होईना.

एके दिवशी सकाळी खूप जोर करावा लागला आणि चाकूने चिरल्यासारखे दुखले. टमरेलातले पाणी लागले तशी आग आग झाली. बघतो तर लाल रक्ताचे दोन थेंब! माझे पाय लटपटायला लागले. मला वाटले, आता आपले काही खरे नाही.

मी मनाशी म्हटले, आपण नीट धूत नसू म्हणूनच असे झाले. मग मी कपडे धुण्याच्या साबणाने घासून घासून धुतले. त्याने आग आणखीच वाढली. दुखेल या भीतीने मी अजून दाबून धरायला लागलो. शेवटी मला मांडी घालून बसता येईना. ते आजीने ओळखले. ती म्हणाली, “काय रं, असा एका अंगावर का बसतुयास?” मग मला रडूच आले. दुसऱ्या दिवशी आई मला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून मला समजावून सांगितले. मोठ्या माणसाचे मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. अन्नाचा जो चोथा उरतो त्यातले पाणी ते शोषून घेते. शौच जितका जास्त वेळ आत राहील तितके ते कोरडे आणि कडक होते. ओल्या मातीचा गोळा उन्हात राहिला की त्याचे ढेकूळ होते, तसेच हे. ते ढेकूळ बाहेर येताना तिथल्या नाजूक कातडीला चीर पडते. चीर पडली की दुखते. दुखते म्हणून आपण दाबून धरतो. दाबून धरले की ढेकूळ अजून कडक होते. म्हणजे बैल घाण्याला फिरतो तसे आपण फिरत राहतो.

त्यांनी शौच मऊ होण्याचे औषध दिले. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसायला सांगितले. मी नहाणीत मोठ्या घमेल्यात बसायचो तेव्हा माझी धाकटी बहीण खदखदा हसायची. पण त्याने बरे वाटायचे. आजी म्हणत होती, एरंडेल पाजा. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, लहान मुलांना विचारल्याशिवाय जुलाबाचे औषध देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत माझी चीर भरून आली.

आता बहिणीची गोष्ट सांगतो. ती अंगणवाडीत जाते. तिचे तिथे दुखत नव्हते, पण रात्री झोपेत ती सारखी खाजवायची. माझ्यावरून आईला हिंमत आली आणि तिने तेही विचारले. ते जंत निघाले. हे जंत पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे असतात. मादी साधारण एक सेंटिमीटर लांब असते. रात्री आपण झोपलो की ती बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. त्याने खाज सुटते. खाजवले की अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात आणि तोंडातून परत पोटात. अंथरुणावर आणि कपड्यांवर ही अंडी दोन-तीन आठवडे जगू शकतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून एकाच वेळी औषध घ्यायचे असते आणि दोन आठवड्यांनी परत घ्यायचे असते. आजी म्हणायची, गूळ खाल्ला की जंत होतात. तसे नाही. जंत गुळातून येत नाहीत, अंडी पोटात गेल्यामुळे होतात.

आपल्या देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या दिवशी शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. आपल्याएवढ्या मुलांना ती ४०० मिलिग्रॅमची असते. ती नीट चावून खावी. खिशात लपवून नंतर फेकून देऊ नये. (आपल्या वर्गात असे कोणी केले ते मला माहीत आहे, पण मी नाव लिहीत नाही.)

आता काय करावे ते लिहितो.

१. शौचाला लागली की लगेच जावे, दाबून धरू नये. रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शांत बसावे, कुंथू नये.

२. भरपूर पाणी प्यावे. भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, पेरू, पपई खावी. चोथा असलेल्या अन्नाने शौच मऊ राहते. नुसत्या बिस्किटांत आणि कुरकुऱ्यांत तो फार कमी असतो.

३. शौचानंतर भरपूर साध्या पाण्याने हळू धुवावे. मुलींनी पुढून मागे धुवावे. तिथे साबण घासू नये. दगड, माती, खरखरीत कागद लावू नये. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, कारण ओलसर राहिले तरी खाज सुटते.

४. साबण हातांना लावावा. दोन्ही हात, बोटांच्या बेचक्या आणि नखे वीस सेकंद चोळावीत. घड्याळ नसेल तर बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणावा. बे दाहे वीस दुसऱ्यांदा आले की हात धुवून टाकावेत.

५. नखे दर आठवड्याला कापावीत. चड्डी रोज बदलावी. जंत झाले असतील तर सकाळी उठल्याबरोबर अंघोळ करावी. चादरी आणि चड्ड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळत घालाव्यात.

६. रक्त जास्त पडले, पुन्हा पुन्हा पडले, शौच डांबरासारखे काळे झाले, ताप आला, पोट खूप दुखले किंवा तिथे गाठ अगर सूज आली तर घरगुती उपाय करत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे.

संत गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. गावातली घाण त्यांनी हाताने काढली, त्यांना तिची लाज वाटली नाही. मग आपल्याच अंगाची आपल्याला लाज कशाला?

पालकांना माझी एक विनंती आहे. तुमचे मूल शौचाला जायला टाळत असेल, रडत असेल, नाहीतर सारखे खाजवत असेल तर त्याला रागावू नका. “घाणेरडा” म्हणू नका. जवळ घेऊन विचारा. माझ्या आजीने विचारले नसते तर मी अजून गप्पच राहिलो असतो.

आणि वर्गासाठी एक आनंदाची बातमी. हे सगळे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी वर्गाच्या दाराजवळ दोन गोटे ठेवले, एक पांढरा आणि एक काळा. ज्याला परसाकडला लागेल त्याने काही न विचारता एक गोटा उचलून उंबऱ्यावर ठेवायचा, आल्यावर परत जागेवर ठेवायचा. हौद सकाळी भरायची पाळी चौथीच्या मुलांनी घेतली आहे. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत बांधून नळाला टांगली आहे, ती कोणी काढून नेऊ नये.

बाई म्हणाल्या, “नाव घालू नकोस हवे तर.” मी विचार केला. नाव घातले नाही, पण ज्याला काही विचारायचे असेल त्याने मला खुशाल विचारावे. मी हसणार नाही.

— हजेरी क्रमांक १४, इयत्ता चौथी