एका तासाच्या आतलं जग

‘मूल झालं ना? आता विसरा फिरणं!’ बारशात, लग्नात, ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असं तरुण जोडपं शोधून दाखवा. सांगणारे प्रेमानंच सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. बंद होतं ते शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी पहाटे कोकणाकडे गाडी काढणं. फिरणं बंद होत नाही, त्याचं माप बदलतं. आणि या बाबतीत आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांना तर लॉटरीच लागलीय!

आमच्या घरचं मंत्रिमंडळ छोटं. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा नवरा, घरी बसून लेखांच्या डेडलाइन गाठणारी मी आणि अधूनमधून गावाहून येणाऱ्या सासूबाई. निर्णय मात्र सगळे दोन वर्षांच्या लेकीचे.

टाइमटेबल बाईसाहेबांचं

आमचा दिवस तीन गोष्टींवर चालतो. कंपनीची बस, लेकीची दुपारची झोप आणि नळाचं पाणी. या शहरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलेलं नाही. तिकडे पैठणला जायकवाडीचा नाथसागर भरलेला असला, तरी आमच्या कॅलेण्डरवर ‘पाण्याचा दिवस’ वेगळा असतो. ड्रम, बादल्या, टाकी... आणि प्रत्येक बादलीत हात घालायला धावणारी लेक. पाण्याचा दिवस रविवारी आला, की फिरण्यावर पाणी!

झोपेचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसातल्या डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप हवी, असं त्यात आहे. आणखी एक मजेदार गोष्ट म्हणजे या वयाच्या मुलांना स्ट्रोलरमध्ये किंवा पट्ट्यात एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवायचं नाही. हा ‘एक तास’ वाचला आणि आमचा नकाशा तयार झाला. घरापासून तासाभरात जे येतं, ते आपलं. बाकीचं नंतर.

हत्ती, अजून हत्ती!

आता बघा, तासाभरात काय काय येतं. बीबी का मकबरा, पाणचक्की, सिद्धार्थ उद्यान तर गावातच. थोडं पुढे दौलताबाद, खुलताबाद, आणि साधारण ३० किलोमीटरवर वेरूळ. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली जागा! परदेशी पाहुणे दोन-दोन विमानं बदलून जिथं येतात, तिथं आपण सकाळी जाऊन दुपारच्या झोपेला घरी परत येऊ शकतो. तरी आपण तिथं जातो कधी? पुण्याहून पाहुणे आले की!

लहान मुलासोबतचा पहिला नियम, एका दिवशी एकच जागा. वेरूळला ३४ लेणी आहेत. आम्ही फक्त १६ नंबरचं कैलास ठरवलं. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात अख्ख्या डोंगरात वरून खाली कोरत आणलेलं मंदिर वगैरे मी लेकीला सांगायला घेतलं. तिला दिसले हत्ती. आधी चौकातले सोंड तुटलेले दोन मोठे, मग मंदिराच्या पायथ्याशी ओळीनं उभे असलेले. ‘हत्ती... अजून हत्ती... अजून!’ पाऊण तास हाच कार्यक्रम. शाळेच्या सहलीपासून मी कैलास किती वेळा पाहिलंय, पण मान वर करून. या वेळी तिच्याशेजारी खाली बसले. अख्खं मंदिर त्या हत्तींच्या पाठीवर तोललेलं आहे, असं तिथून वाटतं. गाइडनं हे सांगितलेलं असतं, पण दिसतं ते दोन फुटांच्या उंचीवरून.

दौलताबादलाही वरपर्यंत जायचा हट्ट नको. भुयारी ‘अंधारी’ आणि पायऱ्यांची ती रांग कडेवर मूल घेऊन चढायची नाही. चांदमिनारपर्यंत गेलात, माकडं बघितली, सीझनमध्ये रस्त्यावर सीताफळं घेतली, की ट्रिप वसूल. मकबऱ्याला ऊन उतरल्यावर जा. धावायला लांबलचक सरळ वाट मिळते आणि मुलाला त्यापलीकडे काही नको असतं.

दुचाकीवर तिघं

आपल्यापैकी बहुतेकांची फॅमिली कार म्हणजे स्कूटर. पुढे उभं केलेलं मूल, मागे बायको, हे चित्र सिडकोपासून गुलमंडीपर्यंत रोज दिसतं. पण १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशभर नियम लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा हार्नेसचा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. आम्ही हार्नेस बांधून निघालो, की सिग्नलला लोक वळून बघतात. बघू देत! डुलकी लागलेलं मूल हातानं धरून ठेवता येत नाही, पट्ट्यानं येतं.

लांब जायचंच असेल, तर रेल्वे बरी. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट किंवा बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. शिवाय डब्यातल्या आज्या, काका आणि चहावाला मिळून त्याला सांभाळतात. मुंबईला रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरली, तर प्रवास झोपेतच होतो. विमानात मात्र मांडीवरची सवलत दोन वर्षांपर्यंतच. दुसऱ्या वाढदिवसाला केकसोबत पूर्ण सीटचं भाडंही येतं.

बॅग कुणाची?

इथवर सगळं छान छान. आता खरी गोष्ट. तीन तासांच्या ट्रिपची तयारी आदल्या रात्री सुरू होते. डायपर, दोन जोड कपडे, टोपी, पाणी, वाटी-चमचा, मऊ खिचडीचा डबा, तापाचं औषध, ती लाडकी फाटकी बाहुली. परतल्यावर डबे घासायचे आणि कपडे धुवायचे. पाणी बेताचं, हे वेगळं सांगायला नको. हे सगळं करणारीला ती सुटी वाटेल कशी? तिच्यासाठी ती रविवारची जादा शिफ्ट.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात हेच आकड्यांत दिसतं. १५ ते ५९ वयोगटातल्या, घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाचे सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. त्यातही हे काम करतात अशा बायका ४१ टक्के आणि पुरुष जेमतेम २१. ‘फिरायला जायला वेळ नाही’ असं बायको म्हणते, तेव्हा तिची मिनिटं कुठं जातात हे या आकड्यांत बघा.

म्हणून आमच्याकडे नवा करार झाला. ट्रिपची बॅग नवरा भरणार, आणि मी यादी सांगणार नाही. यादी डोक्यात ठेवणं हेही कामच असतं ना! पहिल्या वेळी वाटी आली, चमचा राहिला. खिचडी हातानं भरवली. लेकीनं ती नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाल्ली. दुसऱ्या वेळी चमचा आला, टोपी राहिली, मग त्याचा रुमाल कामी आला. आता तो गुपचूप मोबाइलमध्ये यादी करतो. आणि मला चक्क खिडकीबाहेर बघायला मिळतं.

अजिंठा अजून आमच्या यादीत नाही. शंभरेक किलोमीटर, पुढे फर्दापूरच्या फाट्यापासून वेगळी बस, मग पायऱ्या. दोन हजार वर्षं ती लेणी थांबलीत, अजून दोन वर्षं थांबतील.

तुम्ही मात्र थांबू नका. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे तिकीट नाही. सकाळी लवकर निघा, एकच जागा बघा, झोपेच्या वेळेला घरी या. आणि हो, निघण्याआधी खात्री करा... पाण्याचा दिवस नाही ना?