जाहिरातीवर क्लिक कुणी करायचं?

स्वतःची वेबसाइट काढून तिच्यावर कविता, लेख लिहिणारे आपल्या मंडळात बरेच आहेत. 'त्यातनं चार पैसे मिळतील काय?' हा प्रश्न मला हमखास येतो. मिळतात, पण नियम पाळले तरच. गूगलची 'अ‍ॅडसेन्स' योजना बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याबद्दलच सांगतो.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. समजा, बेळगावच्या एका कुंदेवाल्यानं जाहिरात दिली. ती तुमच्या पानावर दिसली, वाचकानं क्लिक केलं, की त्याच्या खिशातून पैसे जातात. त्यातला काही भाग गूगल ठेवतं. तुमचा वाटा 2024 पर्यंत प्रामुख्यानं क्लिकवर ठरायचा, आता तो पानावर जाहिरात दिसण्यावर ठरतो. आता ते क्लिक तुम्हीच केलं तर? कुंदा कुणी घेणार नाही, पैसे मात्र त्याचे गेले. म्हणूनच पहिला नियम असा: स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करायला सांगायचं नाही. 'आम्हाला मदत म्हणून जाहिरात दाबा' असं प्रेमानं लिहिलेलंसुद्धा चालत नाही. वर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसा निरोप टाकणं म्हणजे खातं घालवणंच. असे क्लिक सापडले की ती कमाई कापली जाते, खातं कायमचं बंदही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट मजकुराची. आपल्या साहित्यवेड्या मंडळींचा पाय इथंच घसरतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मुक्त आहे. कुसुमाग्रज 1999 साली आणि पु. ल. 2000 साली गेले. त्यांचं लेखन परवानगीशिवाय टाकता येत नाही. आणि मुक्त असलेला मजकूरही नुसता उतरवून टाकला तर जाहिरातींसाठी तो पुरत नाही. त्यात तुमची स्वतःची भर हवी: अर्थ, टिपा, रसग्रहण, काहीतरी.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. खातेदाराचं वय 18 पूर्ण हवं. लहान असाल तर आईवडिलांच्या नावानं खातं काढा. कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता तपासण्यासाठी पोस्टानं पिन येतो, म्हणून हॉस्टेलचा नको, घरचा पक्का पत्ता द्या. 100 डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. वेबसाइटवर गोपनीयता धोरणाचं पान ठेवा आणि जाहिरातींमुळे कुकीज वापरल्या जातात हे त्यात स्पष्ट लिहा.

मराठी पानांना वाचक मोजके, त्यामुळे 100 डॉलर जमायला वेळ लागतो आणि तिथंच मोह होतो. माझं म्हणणं एवढंच, की मोजका असला तरी तो वाचक तुमच्या लेखासाठी आलेला असतो. त्याला जाहिरात दाबायला लावू नका. त्याला पुन्हा यावंसं वाटेल असं लिहा.