मोटारीतील ध्वनिवर्धकाची वीजतार : शब्द, संकल्पना व संरक्षण

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याकडून सावंतवाडीमार्गे बेळगावकडे जाणारा रस्ता दाणोली मागे टाकल्यावर सह्याद्री चढू लागतो आणि सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीस पोहोचतो. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारे हे ठिकाण पावसाळ्यात प्रवाशांनी गजबजलेले असते. चढावर खालच्या गिअरमध्ये चालून तापलेली गाडी धबधब्यापाशी थांबते, भर पावसात उभी राहते आणि पुन्हा तापत, हादरत मार्गस्थ होते. तापणे, भिजणे आणि हादरणे या तिन्ही गोष्टी बॉनेटखालच्या तारेस एकाच दिवसात सोसाव्या लागतात. कारखान्यात बसविलेल्या तारा या माऱ्याचा विचार करूनच आखलेल्या असतात. गाडी घेतल्यानंतर हौसेने बसविलेल्या ध्वनिवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, तार मात्र पुष्कळदा तशी नसते. बॅटरीपासून मागील डिकीपर्यंत जाणारी ही एकच तार नीट बसविली नाही, तर गाडीस आग लागण्याचे कारण होऊ शकते.

हा विषय वरकरणी केवळ कारागिरीचा वाटेल. परंतु कारागिराची कृती पुष्कळ वेळा त्याच्या शब्दावर उभी असते, आणि शब्दाने संकल्पना झाकली गेली की कृतीही चुकते. प्रस्तुत लेखात या तारेच्या संरक्षणाची तत्त्वे, ती व्यक्त करणाऱ्या रूढ शब्दांसह, तपासावयाची आहेत.

बारा व्होल्टांचा भ्रम

मोटारीची बॅटरी बारा व्होल्टांची असते. तिच्या दोन्ही टोकांना हात लावला तरी धक्का बसत नाही, आणि म्हणून हा वीजपुरवठा निरुपद्रवी होय अशी समजूत होते. तथापि धक्का बसणे हे दाबावर अवलंबून असते, तर तार तापणे हे प्रवाहावर. इंजिन सुरू करताना शेकडो अँपिअर देण्यासाठीच ही बॅटरी घडविलेली असते. प्लसची तार उघडी पडून गाडीच्या पत्र्यास टेकली, तर तोच प्रवाह त्या तारेतून वाहू लागतो.

प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३०० वॉटांचे ध्वनिवर्धक घेतले, त्याची कार्यक्षमता ५५ टक्के मानली आणि चालू इंजिनाचा दाब १३.६ व्होल्ट धरला, तर ते पूर्ण आवाजात सुमारे ४० अँपिअर प्रवाह ओढते. त्यासाठी तांब्याची ८ चौरस मिलिमीटर छेदाची, ५ मीटर लांबीची तार वापरली, तर तिचा रोध सुमारे ०.०११ ओहम येतो आणि त्या पाच मीटरांत अवघी १७ वॉट उष्णता निर्माण होते. ती हवेत सहज विरते. याच तारेतून ५०० अँपिअर वाहिले, तर मात्र उष्णता सुमारे २,७०० वॉट होते. प्रवाह साडेबारा पटींनी वाढला; उष्णता दीडशे पटींहून अधिक. अशा स्थितीत प्लॅस्टिकचे वेष्टन काही क्षणांत मऊ होऊन धूर देऊ लागते.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

‘फ्यूज’ या शब्दाच्या मुळाशी वितळणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, आणि आपल्या परिभाषेतील ‘वितळतार’ हा प्रतिशब्द तोच अर्थ नेमका पकडतो. इतरांच्या आधी वितळणे हेच तिचे नियत कार्य. बोलण्यात मात्र ‘फ्यूज उडाला’ किंवा ‘फ्यूज गेला’ असे म्हटले जाते. ‘जाणे’ हे क्रियापद आपण माणूस गेला, वीज गेली, नोकरी गेली अशा हानीच्या प्रसंगी वापरतो. त्यामुळे वितळलेला फ्यूज हा बिघाड ठरतो, आणि बिघाडावरचा उपाय म्हणून त्याहून मोठा फ्यूज बसविला जातो किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळला जातो. वस्तुतः फ्यूज गेला म्हणजे त्याने आपले काम चोख बजावले, आणि बिघाड अन्यत्र आहे अशी वर्दी दिली.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. फ्यूज यंत्राचे रक्षण करतो अशी सर्वसाधारण धारणा असते. ध्वनिवर्धकाच्या अंगचे लहान फ्यूज त्याच्या रक्षणासाठी असतात, हे खरे. मुख्य तारेवरचा फ्यूज मात्र तारेच्या रक्षणासाठी असतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढील दोन्ही नियम आपोआप निष्पन्न होतात.

पहिला नियम आकाराचा. फ्यूज तारेच्या कुवतीवरून निवडावयाचा, यंत्राच्या भुकेवरून नव्हे. वरील उदाहरणातील ८ चौरस मिलिमीटरांच्या तारेस ५० अँपिअरचा फ्यूज शोभतो. ४० अँपिअरची गरजही त्यात भागते. पुढे मोठे ध्वनिवर्धक आणले व ५० अँपिअर अपुरे पडू लागले, तर प्रथम तार बदलावी, मग फ्यूज. येथे तार तांब्याचीच असल्याची खात्री करून घ्यावी. तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्याने तेवढ्याच कामासाठी तिचा छेद दीडपटीहून अधिक घ्यावा लागतो.

दुसरा नियम स्थानाचा. फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. व्यवहारात ४५ सेंटिमीटरांच्या, म्हणजे १८ इंचांच्या आत असा संकेत पाळला जातो. फ्यूज डिकीत, ध्वनिवर्धकाशेजारी बसविला आणि तार मध्येच कोठे पत्र्यास टेकली, तर प्रवाह बॅटरीतून निघून त्या जागीच पत्र्यात उतरेल व परत फिरेल. फ्यूजपर्यंत तो पोहोचणारच नाही. फ्यूज शाबूत आणि तार पेटलेली, असा विपरीत प्रकार मग घडतो. बॅटरी व फ्यूज यांमधील तुकडा तर सर्वस्वी असंरक्षित असतो. म्हणून तो शक्य तेवढा आखूड व सर्वाधिक जपलेला असावा.

‘अर्थ’ आणि ‘बॉडी’

परतीच्या मार्गास गॅरेजांत दोन नावे आहेत : ‘अर्थ’ आणि ‘बॉडी’. पहिले नाव घरगुती वीजजोडणीतून आले. तेथे तार खरोखरच जमिनीत पुरलेल्या पट्टीशी जोडलेली असते. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीत जमिनीशी असा संबंध नसतो. गाडीचा पत्रा हाच प्रवाहास बॅटरीकडे परत नेणारा वाहक असतो. म्हणजे ‘बॉडी’ हा कारागिराचा शब्द येथे ‘अर्थ’ किंवा ‘भूसंपर्क’ या शब्दांहून शास्त्रशुद्ध ठरतो. घरातील भूसंपर्काच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नाही. मोटारीत मात्र जेवढा प्रवाह प्लसमधून जातो, तेवढाच बॉडीतून परततो. ‘अर्थ’ म्हणणारा ही जोडणी दुय्यम समजून बारीक तारेवर भागवतो. ‘बॉडी’चे कार्य जाणणारा प्लसच्याच जाडीची आखूड तार घेतो, पत्र्यावरील रंग घासकागदाने काढून उघड्या धातूवर थिंबल ठेवतो, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळतो आणि वरून ग्रीस लावून गंज रोखतो.

जे फ्यूजला दिसत नाही

फ्यूजला केवळ प्रवाहाचे मान कळते. जोडाच्या जागी गंज चढला वा थिंबल सैल झाले, तर तेथील रोध वाढतो. हा रोध एक शतांश ओहम एवढा झाला, तर ४० अँपिअरच्या नित्याच्या प्रवाहाने त्या एका बिंदूत १६ वॉट उष्णता साठू लागते. डाख देण्याच्या लहान विजेच्या उपकरणाची शक्ती साधारण एवढीच असते. जोड वितळू लागतो, पण प्रवाह मर्यादेत असल्याने फ्यूज स्वस्थ राहतो. फ्यूज योग्य असूनही तारेची बांधणी काळजीपूर्वक का करावयाची, याचे उत्तर येथे मिळते. आंबोलीसारख्या पाणथळ हवेत आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात तर हा धोका अधिकच असतो. पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून वेष्टनाच्या आत ओढले जाते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. यासाठी थिंबल योग्य साधनाने घट्ट दाबून बसवावे, त्याच्या मानेवर उष्णतेने आकसणारी, आतून डिंक असलेली नळी चढवावी, आणि फ्यूजचे घर झाकणाचे व पाणी न शिरणारे निवडावे. साधी चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेने सुटते. तिच्यावर विसंबू नये.

तारेचा मार्ग आखताना तीन शत्रू टाळावयाचे असतात. एक, उष्णता : धुराचा नळ व त्याचा इंजिनाकडील भाग यांपासून तार दूर असावी. दोन, गती : पंखा, पट्टे, स्टिअरिंगचा दांडा व पायाखालचे पेडल यांच्या आसपास ती फिरकू नये. तीन, घर्षण : इंजिन रबरी बैठकींवर हलत असते, म्हणून तार इंजिनास न बांधता गाडीच्या सांगाड्यास बांधावी. दर वीस-तीस सेंटिमीटरांवर टाय किंवा पट्टी द्यावी. मात्र इंधनाच्या वा ब्रेकच्या नळीचा आधार घेऊ नये. सबंध तारेवर खाचेरी प्लॅस्टिकची नळी चढवावी. तिने घर्षण टळते, परंतु उंदरांपासून पुरते रक्षण होत नाही. म्हणून गाडी फार दिवस उभी राहिली असेल, तर ती सुरू करण्यापूर्वी तार पाहून घेणे श्रेयस्कर.

इंजिन आणि प्रवासी-कक्ष यांमधील पत्र्याची भिंत हे सर्वांत नाजूक स्थळ होय. तेथील भोकाची कड सुरीसारखी असते. शक्यतो कारखान्याने ठेवलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच तार न्यावी. नवे भोक पाडणे अटळ असेल, तर प्रथम पलीकडे काय आहे ते पाहावे, मग कड कानशीने मोडावी, तीस रंग द्यावा आणि तारेच्या मापाचा ग्रोमेट बसवावा. आत शिरण्यापूर्वी तार भोकाच्या पातळीखाली उतरवून मग वर वळवावी. कौलांवरचे पाणी भिंतीवर न उतरता पागोळीतून बाहेर पडावे म्हणून कोकणातील घराचे छप्पर भिंतीपुढे ओढलेले असते. तारेवरून येणारे पाणी या खालच्या वळणावर तसेच ठिबकून जाते. नळीचे तेथील तोंडही उघडे ठेवावे, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

काम आरंभताना बॅटरीचे मायनस टोक प्रथम सोडवावे व शेवटी जोडावे. प्लस आधी सोडविताना पाना पत्र्यास लागला, तर त्या पान्यातूनच शेकडो अँपिअर वाहतील. फ्यूजही सर्व जोडण्या पूर्ण झाल्यावरच घरात बसवावा. त्यानंतर तासभर ध्वनिवर्धक चालवून, ते बंद केल्यावर प्रत्येक जोड बोटांनी चाचपावा. जो जोड तारेहून अधिक गरम लागेल, तो पुन्हा करावा.

या विवेचनावरून असे दिसून येईल की परिभाषा घडविताना शब्दाने वस्तूचे कार्य सांगितले आहे की नाही, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नसतो. ‘वितळतार’ हा ग्रंथातील शब्द आणि ‘बॉडी’ हा गॅरेजमधील शब्द, दोन्ही आपापल्या जागी कार्य सांगतात; ‘फ्यूज गेला’ आणि ‘अर्थ’ ते झाकतात. विद्वानाने एक शब्द कारागिराकडून घ्यावा आणि एक त्यास द्यावा, असा हा व्यवहार आहे. घाटातील पावसात थांबलेल्या गाडीपुरते पाहिले, तर त्याचे मोल पाच मीटर तारेहून पुष्कळ अधिक भरते.