सोळा गांवांची दंतकथा

सोळा गांवें मिळून झालें म्हणून सोलापूर, ही दंतकथा त्या शहरीं उतरणाऱ्या प्रवाशास प्रथम ऐकावयास मिळते. शिलालेखांपुढें ही व्युत्पत्ति टिकत नाहीं. कल्याणीच्या कलचुरींच्या काळीं, श्रीसिद्धेश्वरांच्या वेळच्या लेखांत, गांवाचें नांव सोन्नलगे असें आहे. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ (इ. स. १३१६-१७) च्या संस्कृत लेखांत तें सोनलीपूर होतें; सोलापूरच्या किल्ल्यांतील एका लेखांत सोनलपूर, तर तेथल्याच विहिरीवरील लेखांत संदलपूर.

तथापि दंतकथा टाकून देण्याची घाई करूं नये. सांगणारास त्या सोळा गांवांचीं नांवें विचारावीं. आदिलपूर, फत्तेपूर, राणापूर यांच्या जोडीला यादींत सोनलगी, संदलपूर आणि खुद्द सोलापूरहि येतें! एकाच गांवाचीं निरनिराळ्या काळचीं नांवें लोकांनीं निराळीं गांवें म्हणून मोजलीं असावींत, असें आम्हांस वाटतें. प्रवासी बहुधा कथा तेवढी टिपतो आणि यादी कंटाळवाणी म्हणून गाळतो; विहिरीवरील लेखाचा ताळा पडतो तो मात्र यादीशींच. जुन्या दप्तरांत अशी यादी आढळल्यास नांवें न सुधारतां, मूळच्या क्रमानें उतरून घ्यावीं.