सागाचं पेन का तडकतं? एका छोट्या वस्तूतून प्रयोगाची आखणी

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमचा संशोधन प्रश्न काय?" बरेच जण प्रश्नाऐवजी विषय सांगतात. हा फरक समजायला आज हाताने बनवलेलं लाकडी पेन घेऊ. वस्तू बोटभर आहे, पण त्यात विज्ञान भरपूर आहे.

आधी पेन कसं बनतं ते बघा. साधारण 19 मिमी जाडीचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला लांबीच्या दिशेने 7 मिमीचं आरपार भोक पाडायचं आणि आत पितळेची नळी चिकटवायची. मग तुकडा लेथवर चढवून पटाशीने हवा तो आकार येईपर्यंत कातायचा, पॉलिश पेपर मारायचा, वर फिनिशचा थर द्यायचा. शेवटी टोक, क्लिप आणि रिफिलची यंत्रणा नळीत दाबून बसवायची. काही महिन्यांनी यातल्या काही पेनांना टोकाशी उभी, केसासारखी चीर पडते. का?

कारणाचा अंदाज

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा सुमारे 30 टक्क्यांच्या खाली गेला की ते आकसायला लागतं, आणि सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. ओला साग पूर्ण वाळला की वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच.

आता गणित करू. ओलावा 14 वरून 6 टक्क्यांवर आला, म्हणजे 8 टक्क्यांचा फरक. 5.8 × 8 ÷ 30, म्हणजे जवळपास 1.5 टक्के. नळी नसती तर 7 मिमीचं भोक एका दिशेने 0.1 मिमी लहान झालं असतं, दुसऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी. भोक किंचित लंबगोल झालं असतं, बस. पण आत पितळ आहे आणि ते ओलाव्याने आकसत नाही. लाकडाला आवळायचंय, नळी जागा देत नाही. हा ताण तंतूंना आडवा पडतो, आणि त्या दिशेने लाकूड सगळ्यात कमजोर असतं. शिवाय ओलावा टोकांकडून सगळ्यात लवकर बाहेर पडतो, म्हणून चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

इथवर जे सांगितलं ते पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

विषयातून प्रश्नाकडे

"पेनासाठी कोणतं लाकूड चांगलं?" हा विषय झाला. "भोक पाडताना सागाचा ओलावा 14 टक्के असेल तर 6 टक्क्यांच्या तुलनेत, कोरड्या हवेत ठेवल्यावर जास्त पेनं तडकतात का?" हा प्रश्न. याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकतं, म्हणूनच तो तपासता येतो.

महागडं यंत्र लागत नाही. बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते आणि लाकूड हळूहळू 14 टक्क्यांजवळ स्थिरावतं. दुसऱ्या डब्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा असाच लगदा ठेवा. तिथे आर्द्रता 33 टक्क्यांजवळ राहते, लाकूड साधारण 6 टक्क्यांवर येतं. ओलावा मोजायला त्याच फळीचा छोटा नमुना 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. घटलेलं वजन भागिले सुकं वजन. भाजक सुकं वजन आहे, हे विसरू नका.

परीक्षक इथे अडवतात

पहिली गोष्ट, तुलनेचा गट. काही ओल्या तुकड्यांना भोक पाडा, कातून घ्या, पण नळी बसवू नका. तेही तडकले, तर दोष एकट्या नळीवर टाकता येणार नाही. हा गट नसेल तर वरचं सगळं स्पष्टीकरण नुसती गोष्ट राहते.

दुसरी, नमुन्यांची संख्या. एकाच फळीतून 20 पेनं काढली तर तुमच्याकडे 20 स्वतंत्र नमुने नाहीत, फळी एकच आहे. त्या फळीचा स्वभाव 20 वेळा मोजला, इतकंच. त्यापेक्षा वेगवेगळ्या झाडांच्या 10 फळ्या घ्या आणि प्रत्येकीतून प्रत्येक गटासाठी एकेक तुकडा काढा. कोणता तुकडा कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तिसरी, मोजमापाची व्याख्या. चीर कशाला म्हणायचं हे आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ दहापट भिंगातून दिसणारी, 2 मिमीपेक्षा लांब. आणि तपासणाऱ्याला गट माहीत नसू दे. माहीत असला की डोळ्यांना हवं ते दिसतं.

आता तुमचा स्वतःचा विषय घ्या आणि चार ओळी लिहा: काय बदलणार, काय मोजणार, तुलना कशाशी, आणि कोणतं उत्तर आलं तर तुमचा अंदाज चुकीचा ठरेल. चौथी ओळ सुचत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही. तो झाल्याशिवाय प्रस्ताव लिहायला बसू नका.